नांगीवर विसंबू नका: लॉबस्टरांची वंशावळ नव्याने शिकणाऱ्यांसाठी

लॉबस्टर म्हटलं की डोळ्यांपुढे दोन दणकट नांग्या येतात, आणि नवखा अभ्यासक तिथेच फसतो. नांगी ठळक दिसते, खडकात टिकते, फोटोत शोभते. पण कोण कोणाचा नातेवाईक हे विचारलं तर तिची साक्ष बेभरवशाची. तोच आकार वेगवेगळ्या घराण्यांत पुन्हापुन्हा उगवलेला आहे. सख्खे भाऊबंद असूनही नांग्या अगदी निराळ्या, असंही दिसतं. तेव्हा जिवंत आणि जीवाश्म लॉबस्टरांचं वर्गीकरण शिकायचं तर डोळ्यांना वेगळं वळण लावावं लागतं. त्यासाठीचा क्रम खाली दिला आहे. काही पायऱ्या दोन मिनिटांत उरकतील, तिसरीवर मात्र बराच वेळ जाईल. जाऊ द्या.

पायरी १: पाय मोजा, चिमटे मोजा

लॉबस्टर हे दशपाद कवचधारी, म्हणजे छातीला चालण्याच्या पायांच्या पाच जोड्या. पुढून मागे एकेक जोडी बघत जा आणि टोकाला खरा चिमटा आहे का ते पाहा. उपांत्य खंडाला पुढे आलेलं न हलणारं बोट असेल आणि शेवटचा खंड त्यावर येऊन मिटत असेल, तरच तो खरा चिमटा. शेवटचा खंड नुसताच मागच्या खंडाच्या कडेवर दुमडत असेल तर ती अर्धनांगी. हा फरक आताच पक्का करून घ्या, पुढे पावलोपावली लागतो.

आता हिशोब असा. एकाही जोडीला खरा चिमटा नाही, मिशा जाडजूड काटेरी किंवा चपट्या फावड्यासारख्या झाल्यात, तर तो अकेलाटा गटातला: काटेरी लॉबस्टर किंवा चपटा स्लिपर लॉबस्टर. (मादीच्या पाचव्या पायाला लहानसा चिमटा असू शकतो, तो मोजू नका.) चार किंवा पाचही जोड्यांना चिमटे आणि शेपटीचं मधलं पान त्रिकोणी, टोकदार असेल तर तो पॉलिकेलिडा. हे आज खोल समुद्रात राहतात आणि जवळजवळ आंधळे असतात. चिमट्यांऐवजी अर्धनांग्याच असतील तर ग्लायफिडिया गटाचा संशय धरा. पहिल्या तीन जोड्यांना चिमटे आणि त्यातली पहिली जोडी बाकीच्यांहून ठसठशीत मोठी असेल, तर तुम्ही ॲस्टॅसिडियापाशी पोचलात. आपला विषय तो.

‘तीन जोड्या’ एवढंच पाठ केलंत तर मात्र गोत्यात याल. पिनेइड कोळंब्यांनाही पहिल्या तीन जोड्यांना चिमटे असतात, फक्त ते बारीक. स्टेनोपोडिड कोळंब्यांनाही तीनच, पण त्यांची तिसरी जोडी सर्वांत मोठी. उलट बाजूने, प्रवाळभित्तींत राहणारा रंगीत एनोप्लोमेटोपस ॲस्टॅसिडियातच बसवला जातो, पण त्याच्या पहिल्या जोडीलाच पूर्ण चिमटा असतो. मागच्या पायांचं काम अर्धनांग्यांवर भागतं. म्हणून चिमट्यांची संख्या हा पुरावा धरा, निकाल नव्हे.

पायरी २: उतरंड नीट लावून घ्या

अधोगण, अधिकुल, कुल, वंश, जाती या क्रमाने खाली उतरायचं. ॲस्टॅसिडिया हा अधोगण. त्यात आज जिवंत असलेल्या चार फांद्या आहेत. नेफ्रॉपॉइडिया म्हणजे समुद्रातले नांगीवाले लॉबस्टर, कुल एकच: नेफ्रॉपिडी. एनोप्लोमेटोपॉइडिया म्हणजे वर आलेले प्रवाळ-लॉबस्टर. उरलेल्या दोन फांद्या गोड्या पाण्यातल्या क्रेफिशच्या: उत्तर गोलार्धातला ॲस्टॅकॉइडिया आणि दक्षिण गोलार्धातला पॅरास्टॅकॉइडिया. यांच्या जोडीला पूर्ण नामशेष झालेली घराणी आहेत. त्यातलं एरिमिडी हे नाव सर्वांत जास्त वेळा भेटेल, पुढे स्टेनोकायरिडी, चिलेनोफोबेरिडी वगैरे.

क्रेफिश या घरात कसे, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. ते नांगीवाल्या लॉबस्टरांचे जवळचे नातेवाईकच आहेत. दोन गोलार्धांतले क्रेफिश समुद्रातून स्वतंत्रपणे गोड्या पाण्यात शिरले की एकाच पूर्वजापासून आले, यावर पूर्वी बराच वाद झाला. निकाल एका पूर्वजाच्या बाजूने लागण्यात भ्रूणातल्या एका बारीक गोष्टीचा हात आहे. शरीराचे खंड घडवणाऱ्या बाह्यस्तरातल्या मूळ पेशींचं वलय बहुतेक उच्च कवचधाऱ्यांत १९ पेशींचं असतं, होमारस या नेहमीच्या नांगीवाल्या समुद्री लॉबस्टरमध्येही तेवढंच. क्रेफिशच्या भ्रूणात मात्र त्या सुमारे ४० असतात, आणि दोन्ही गोलार्धांत तसंच आढळतं. इतकी विचित्र गोष्ट दोनदा स्वतंत्रपणे घडली असेल हे पटायला अवघड. पुढे डीएनएनेही तेच सांगितलं. दोन शाखा अलग होण्याचा संबंध पॅन्जिया हा प्राचीन महाखंड फुटण्याशी लावला जातो. हाताशी नमुना असेल तर फरक सोपा आहे: दक्षिणेकडच्यांना पोटाखालच्या पोहण्याच्या पायांची पहिली जोडी नसतेच, उत्तरेकडच्या नरांत ती समागमाचं अवयव बनलेली असते.

२०१० साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक यादीत समुद्री लॉबस्टरांच्या, म्हणजे अकेलाटा, पॉलिकेलिडा आणि ग्लायफिडिया धरून आणि क्रेफिश वगळून, २४८ जाती होत्या. त्यानंतर भर पडतेच आहे. नेफ्रॉपिडी कुलाचा वाटा यात पन्नासएक जातींचा. हॉटेलच्या ताटलीत दिसणारे होमारस आणि नेफ्रॉप्स हे त्या कुलाचे अपवादात्मक सभासद म्हणायला हवेत. बहुतेक मंडळी खोल, अंधाऱ्या पाण्यातली आहेत. थायमॉपायडीस वंशातली एक जाती तर मध्य-अटलांटिक पर्वतरांगेवरच्या उष्ण पाण्याच्या झऱ्यांजवळ सापडली.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, म्हणजे पुढे धक्का बसणार नाही. सगळे ‘लॉबस्टर’ मिळून एक नैसर्गिक कुटुंब होतं, असं गृहीत धरू नका. २०१४ मधल्या एका मोठ्या अभ्यासात १७३ जाती, सहा जनुकं आणि शरीररचनेची १९५ लक्षणं एकत्र तपासली, तेव्हा चारही अधोगण (ॲस्टॅसिडिया, अकेलाटा, पॉलिकेलिडा, ग्लायफिडिया) मिळून एकवंशीय, म्हणजे एकाच पूर्वजाची सगळी पिल्लावळ असलेला, गट निघाला नाही. कुलं मात्र जवळजवळ सगळी शाबूत राहिली. म्हणजे खालच्या पायऱ्या भक्कम, वरच्या डळमळीत. पुस्तकागणिक वरची रचना बदललेली दिसली तर गोंधळू नका.

पायरी ३: कवचावरच्या खाचा वाचायला शिका

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. जिवंत प्राण्यात कल्ले, अंतर्गत अवयव, जनुकं असं खूप काही तपासता येतं. दगडात हाती लागतं ते पाठीचं कवच, म्हणजे पृष्ठवर्म, आणि नांग्या. पृष्ठवर्मावरच्या खाचा म्हणूनच जीवाश्मवाल्यांची लिपी झाली आहे.

शक्य असेल तर आधी होमारसचं कोरडं कवच मिळवा आणि बोटाने चाचपा. पुढे चोच. तिच्या दोन बाजूंना डोळ्यांच्या खोबणी. तिथून मधल्या रेषेवर मागे सरकत गेलात की कवचाच्या मध्याच्या थोडं मागे एक ठळक आडवी खाच लागते. ती दोन्ही बाजूंना खाली उतरताना पुढे झुकते. ही उत्तरग्रीवा खाच. आता कवच आडवं धरा आणि बाजूच्या खालच्या भागात बघा. जबड्याच्या वरच्या अंगाला आणखी एक आखूड खाच दिसेल, पाठीवर न पोचणारी. ती ग्रीवा खाच. नेफ्रॉपिडी कुलाची ढोबळ खूण हीच: पाठीवर उत्तरग्रीवा खाचेचं राज्य, ग्रीवा खाच बाजूला ढकललेली.

आता शेजारी एरिमाच्या, म्हणजे एरिमिडी कुलातल्या मुख्य वंशाच्या, जीवाश्माचं चित्र ठेवा. तिथे ग्रीवा खाच पाठ ओलांडून जाते, खोल आणि रुंद. तिच्या मागे दोन खाचा जवळपास समांतर तिरक्या धावतात: एक उत्तरग्रीवा आणि एक कल्ला-हृदय खाच. आणि मधल्या रेषेवर, पुढच्या भागात, एक लांबुळकी, दोन्ही टोकांना निमुळती पट्टी कवचात बसवलेली दिसते. ही मध्यपट्टी दिसली की एरिमिडीकडे बोट दाखवायला हरकत नाही. आजच्या होमारसमध्ये अशी सुटी पट्टी नसते. दोन्ही कवचं समोरासमोर ठेवून दहा वेळा चित्र काढा. छायाचित्रं बघून डोळा तयार होत नाही, पेन्सिलीने होतो. खाच कुठे सुरू होते, कुठे विरते, कुठली कुठलीला जाऊन मिळते, हे हात फिरल्याशिवाय लक्षातच येत नाही.

खाचांनंतर शेपटीच्या पंख्याकडे वळा. नेफ्रॉपिडींत मधलं पान साधारण चौकोनी, मागच्या कडेला गोलसर, आणि बाहेरच्या पानांवर आडवी शिवण असते. चोचीचे दातेही बघा. अमेरिकन होमारसच्या चोचीला खालच्या बाजूनेही एखाददुसरा दात असतो, युरोपीयाच्या चोचीला सहसा नसतो. रंगावर जाऊ नका. या दोघांचा संकरही होतो, त्यामुळे मधली लक्षणं दाखवणारा नमुना भेटला तर लगेच नवी जाती जाहीर करायची घाई नको.

पायरी ४: नांगीचा फसवेपणा ओळखा

होमारसच्या दोन नांग्या एकसारख्या नसतात. एक जाड, गोलसर दातांची, शिंपले फोडायची. दुसरी सडपातळ, धारदार, कापायची. पिल्लू लहान असताना दोन्ही सारख्याच सडपातळ असतात. तळावर राहायला लागल्यावर जी बाजू जास्त वापरात येते ती जाड होत जाते. डावी की उजवी हे आधी ठरलेलं नसतं, म्हणून लोकसंख्येत दोन्ही प्रकार मिळतात. एकदा ठरलं की मोठेपणी बदलत नाही. फोडणारी नांगी तुटली तर त्याच जागी पुन्हा फोडणारीच उगवते, पण काही काळ आखूड.

याचा जीवाश्मांशी काय संबंध? फार जवळचा. एकाच थरात दोन सुट्या नांग्या सापडल्या, एक जाडी आणि एक बारीक, तर त्या दोन वेगळ्या जातींच्या समजण्याचा मोह होतो. त्या एकाच प्राण्याच्या असू शकतात. आणि एक भलतीच लहान नांगी सापडली तर ती लहान जातीची नसून नव्याने उगवत असलेली असू शकते. निव्वळ नांगीवर बेतलेल्या जुन्या जीवाश्म-नावांकडे मी तरी संशयानेच बघतो.

दुसरं उदाहरण जास्त रंगतदार आहे. १८७३ मध्ये चॅलेंजर या ब्रिटिश समुद्रसंशोधन मोहिमेने वेस्ट इंडीजजवळच्या खोल पाण्यातून एक आंधळा लॉबस्टर वर काढला, थॉमास्टोकेलिस झॅल्यूकस. त्याची एक नांगी अविश्वसनीय लांब, बोटं बारीक, आणि आतल्या कडेला सुयांसारख्या दातांची रांग. कंगवाच म्हणा. इतकं वेगळं रूप म्हटल्यावर पुढे त्याच्यासाठी वेगळं कुल केलं गेलं. आज ते कुल नेफ्रॉपिडीत विलीन मानलं जातं. २००७ मध्ये फिलिपिन्सच्या समुद्रात सापडलेला आणि २०१० मध्ये वर्णन झालेला डायनोकेलस ऑसुबेली हाही याच गोतावळ्यातला.

पण अशी कंगवा-नांगी फक्त त्यांचीच नाही. बिळात राहणाऱ्या भुताळ्या कोळंब्यांतल्या टेनोकेलिस वंशालाही हुबेहूब तशीच नांगी आहे, आणि तो लॉबस्टरांच्या जवळपासही नाही. २००० साली झालेल्या एका अभ्यासाने दाखवलं की दशपादांत कंगवा-नांगी चार वेगवेगळ्या वंशरेषांत स्वतंत्रपणे विकसित झाली. खडकात बहुधा नांगीच सापडते, बाकीचं शरीर पातळ म्हणून नाहीसं होतं. परिणाम ठरलेला. हंगेरीतल्या ऑलिगोसीन काळातल्या (सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वीच्या) खडकातल्या अशा एका जीवाश्माला १९३९ मध्ये थॉमास्टोकेलिस म्हटलं गेलं होतं. आज ती जाती टेनोकेलिसमध्ये, म्हणजे लॉबस्टरांच्या घराबाहेरच, बसवली आहे.

पायरी ५: जीवाश्म हातात आला तर आधी विचारा, कात की प्रेत?

लॉबस्टर आयुष्यभर कात टाकत राहतो, म्हणजे एकच प्राणी कितीतरी जीवाश्म मागे ठेवून जाऊ शकतो. कात टाकताना पृष्ठवर्म आणि पोट यांच्यामधला पापुद्रा फाटतो, कवच मागून उचललं जातं आणि प्राणी त्या फटीतून बाहेर निसटतो. नांगीतलं सगळं मांस त्याला सांध्यांच्या अरुंद मानेतून ओढून काढावं लागतं. अंगाबाहेर पडलेला सदरा जसा वेडावाकडा पडतो, तशीच ही कात. जीवाश्मात पृष्ठवर्म पोटापासून सुटून तिरकं झालेलं, पुढे कललेलं दिसलं तर ती कात असण्याची शक्यता जास्त. सगळे भाग जागच्या जागी, एका ओळीत असतील तर प्रेत असण्याची. याने जातीचं नाव बदलत नाही, पण एका थरात किती प्राणी होते, ते तिथे मेले की फक्त कात टाकायला आले, हे सगळे निष्कर्ष यावर उभे असतात.

गाठीसारख्या दगडी गोळ्यांत जीवाश्म मिळाला तर खूश व्हा; असे गोळे लवकर घट्ट होतात आणि आतली त्रिमिती टिकते. जर्मनीतल्या झोल्नहोफेनच्या पातळ चुनखडीत उलट होतं: पाय, मिशा, अगदी बारीक तपशील टिकतात, पण प्राणी चपटा झालेला असतो आणि खाचा वाचणं अवघड जातं. दोन्ही प्रकारच्या जीवाश्मांची तुलना करताना हे ध्यानात ठेवा.

स्थानिक नावांवर तर अजिबात जाऊ नका. इंग्लंडच्या आइल ऑफ वाइटवर ॲदरफील्डला क्रिटेशियस काळातले (सुमारे १४.५ ते ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा काळ) प्रसिद्ध ‘लॉबस्टरचे थर’ आहेत. तिथला नेहमीचा प्राणी मेयेरिया मॅग्ना या नावाने ओळखला जायचा, आता ॲदरफील्डॲस्टॅकस. नाव ‘ॲस्टॅकस’वर संपतं, थराचं नाव लॉबस्टरवरून, आणि प्राणी मात्र ग्लायफियांच्या, म्हणजे ग्लायफिडिया गटाच्या, बाजूचा. पहिल्या पायरीतला पायांचा हिशोब इथे कामी येतो.

पायरी ६: काळाचा पट डोक्यात बसवा

सर्वांत जुन्या दशपादांत गणला जाणारा प्राणी म्हणजे पॅलिओपॅलेमॉन न्यूबेरी, अमेरिकेतल्या ओहायोच्या उत्तर डेव्होनियन खडकांतला, सुमारे ३६ कोटी वर्षांपूर्वीचा. १८८० मध्ये वर्णन झालं तेव्हा त्याला कोळंबीसारखा समजले. १९७८ च्या फेरतपासणीत तो लॉबस्टरसारख्या चालणाऱ्या दशपादांकडे झुकला. त्याच्यानंतर जीवाश्मांत मोठी पोकळी आहे. ट्रायसिकमध्ये, म्हणजे सुमारे २५ ते २० कोटी वर्षांपूर्वी, फ्रान्सच्या व्होज भागातल्या वालुकाश्मांत क्लायटिऑप्सिस हा नांगीवाला लॉबस्टर दिसतो. त्यानंतरचा ज्युरासिक हा एरिमांचा सुगीचा काळ. नेफ्रॉपिडी मात्र ओळखू येईल अशा रूपात क्रिटेशियसच्या सुरुवातीपासून दिसायला लागतात.

आणि तिथे तुमची गाठ होप्लोपेरियाशी पडते. १८४९ मध्ये मॅकॉय या जीवाश्मशास्त्रज्ञाने हा वंश केला. क्रिटेशियसपासून पुढे, जवळपास सगळ्या खंडांवर, याच्या जाती नोंदल्या गेल्या. इंग्लंडच्या लंडन क्ले या मातीच्या थरातली, इओसीन काळातली (सुमारे ५.६ ते ३.४ कोटी वर्षांपूर्वीचा काळ) होप्लोपेरिया गॅमरॉइडिस त्यातलीच, अंटार्क्टिक द्वीपकल्पातली होप्लोपेरिया स्टोक्सी त्यातलीच. खरं सांगायचं तर हा वंश म्हणजे अडगळीची खोली झाला आहे: होमारससारखा दिसतो, होमारस नाही, मग होप्लोपेरिया. ‘खास या वंशाचंच’ असं लक्षण दाखवणं कठीण, त्यामुळे तो एकवंशीय असेल यावर फारसं कोणी पैज लावणार नाही. वाचताना होप्लोपेरिया दिसलं की ‘नेफ्रॉपिडी, बाकी चौकशी चालू’ असं मनात म्हणावं.

लेबननमधल्या हाकेलच्या क्रिटेशियस चुनखडीतला लॉबस्टर बराच काळ होमारस म्हणून मिरवला. नीट तपासल्यावर त्याला बाहेर काढून नोटाहोमारस या नव्या वंशात ठेवलं. असे बदल म्हणजे शास्त्राचा गोंधळ नव्हे, सफाई आहे.

मेटानेफ्रॉप्सची गोष्ट मला या सगळ्यांत आवडती. पूर्वी नेफ्रॉप्स वंशात भरपूर जाती कोंबलेल्या होत्या. १९७२ मध्ये जेंकिन्स या शास्त्रज्ञाने हिंद-प्रशांत महासागर आणि पश्चिम अटलांटिकमधल्या जाती वेगळ्या काढून मेटानेफ्रॉप्स केला. नेफ्रॉप्समध्ये जिवंत अशी एकटी नॉर्वेजिकस उरली. पुढे अंटार्क्टिकाजवळच्या क्रिटेशियस खडकांत मेटानेफ्रॉप्सच सापडला. त्यातल्या सिमूर बेटावरच्या जातीला जेंकिन्साय नाव मिळालं. म्हणजे आज उष्ण प्रदेशांतल्या खोल पाण्यात पसरलेल्या या वंशाची मुळं दक्षिणेच्या थंड टोकाला, तेही उथळ समुद्रात असावीत. आजच्या जाती पाहून हा अंदाज कुणालाच आला नसता.

खोल पाण्यातल्या वंशांचे जीवाश्म मात्र तुटपुंजे, कारण खोल समुद्रतळाचा खडक जमिनीवर क्वचितच उघडा पडतो. जीवाश्म नाही म्हणजे प्राणी नव्हता, असा अर्थ काढू नका. ग्लायफिया याला उत्तम साक्षीदार आहेत. इओसीननंतर ते नामशेष झाले असं मानलं जायचं. १९०८ मध्ये अल्बाट्रॉस या अमेरिकन संशोधन जहाजाने फिलिपिन्सजवळ पकडलेला एक नमुना संग्रहालयात पडून होता. १९७५ मध्ये फॉरेस्ट आणि द सां-लोरां यांनी तो ग्लायफिया असल्याचं दाखवून त्याला निओग्लायफिया इनोपिनाटा नाव दिलं. २००५ मध्ये कोरल समुद्रातून दुसरी जातीही मिळाली.

पायरी ७: डीएनए आणि दगड, दोघांचं ऐका

केप लॉबस्टर हा दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा लहानखुरा, जेमतेम १० सेंटिमीटरचा प्राणी. दोन शतकं तो अगदी मोजक्या नमुन्यांवरून माहीत होता, काही तर माशांच्या पोटातून निघालेले. त्याला होमारसच म्हणत. १९९२ मध्ये डॅसन बेटाजवळ एक मिळाला आणि मग आणखी नमुने गोळा होत गेले. १९९५ मध्ये मायटोकाँड्रियातल्या डीएनएची तुलना झाली. अमेरिकन आणि युरोपीय होमारस एकमेकांच्या अगदी जवळ निघाले, केपवाला दोघांपासून लांब. त्याच्या नांग्यांवर दाट केस असतात, त्या दोघांच्या नांग्या गुळगुळीत. फरक डोळ्यांसमोर होता, वजन कुणी दिलं नव्हतं. आता तो होमारिनस केपेन्सिस.

इतक्या जुन्या जीवाश्मांतून डीएनए मिळत नाही, आणि जीवाश्मांशिवाय डीएनएच्या घड्याळाला काळ लावता येत नाही. म्हणून नामशेष कुलांची जागा ठरवताना शेवटी खाचा आणि कवचच. दोन पद्धतींचे निकाल जुळले तर विश्वास वाढवा. जुळले नाहीत तर कुठलं लक्षण दोनदा उगवलं असेल ते शोधा. बऱ्याचदा ती नांगीच निघते.

पायरी ८: नावं वाचा, मग स्वतः नोंद करा

नावामागच्या कंसात इतिहास दडलेला असतो. होमारस अमेरिकॅनस एच. मिल्न एडवर्ड्स, १८३७: कंस नाही, म्हणजे वर्णन करणाऱ्याने पहिल्यापासून होमारसमध्येच ठेवला. होमारस गॅमरस (लिनियस, १७५८): कंस आहे, म्हणजे लिनियसने दुसऱ्या वंशात ठेवला होता, त्याने सगळ्या खेकड्या-लॉबस्टरांसारखा कॅन्सर या एकाच वंशात घातला होता. आजचं मान्य नाव कुठलं हे समुद्री जातींच्या जागतिक नोंदवहीत, म्हणजे वर्म्समध्ये, पाहता येतं. जीवाश्मांसाठी पॅलिओबायोलॉजी डेटाबेस. दोन्हीकडे जुनं नाव घातलं तरी नवं सापडतं. जुन्या लेखातलं नाव तसंच उतरवून घेऊ नका.

सरावाला जवळचं संग्रहालय किंवा ऑनलाइन संग्रहातले चांगले फोटो पुरतात. एक नमुना घ्या, चिठ्ठी झाका. पाय आणि चिमटे मोजा. मग कवचाचं बाजूने आणि वरून रेखाचित्र काढा, खाचांना नावं द्या. मध्यपट्टी आहे का, शेपटीचं मधलं पान कसलं, बाहेरच्या पानांवर शिवण आहे का, ते लिहा. नांग्यांची नोंद सगळ्यांत शेवटी करा, आणि डावी-उजवी दोन्ही असतील तरच त्यावरून काही म्हणा. मग चिठ्ठी उघडा.

स्वतःचा जीवाश्म असेल तर तो कुठल्या थरातून, कुठल्या उंचीवरून, सुटा की खडकात रुतलेला मिळाला, हे सापडलं त्याच दिवशी लिहून ठेवा. नमुना साफ करायला घेण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा, कारण पातळ शेपटी आणि मागचे पाय सफाईतच जातात. वंशाची खात्री नसेल तर कुलापाशीच थांबा आणि वंशाच्या नावामागे प्रश्नचिन्ह ठेवा. ‘नेफ्रॉपिडी, होप्लोपेरिया?’ अशी चिठ्ठी लिहिण्यात काही कमीपणा नाही. पुढचा तपासणारा त्या प्रश्नचिन्हापासून काम सुरू करतो.